संकुल झालं, मैदान गेलं

शाळेत बाकीच्या शिक्षकांकडे पेपरांचे गठ्ठे साचतात, पी.टी.च्या टीचरकडे किस्से. तपासायला काही नसल्यामुळे डोकं मोकळं असतं आणि दिवसभर उन्हात उभं राहिल्यामुळे सगळं दिसतं. मी वसई गावातल्या एका शाळेत पी.टी. शिकवते. म्हणजे टाइमटेबलात तसं लिहिलेलं आहे. संध्याकाळी आम्ही मैत्रिणी चहाला बसतो, तेव्हा एकीला सासू आठवते, दुसरीला सोसायटीची मीटिंग. मला आठवावं लागत नाही. आमच्या शाळेतला कुठलाही मंगळवार उचलून सांगितला तरी दुसरा चहा मागवावा लागतो.

*

पहिला मान सावे सरांचा. सर गणित शिकवतात आणि त्यांचा पोर्शन जूनपासूनच मागे असतो. शाळा उघडायच्या आधी पोर्शन मागे कसा पडतो, हे गणित फक्त त्यांनाच येतं. नववी 'ब'चा पी.टी.चा तास आला की सर दारात हजर.

"राऊत टीचर, आज तेवढा तास द्या. पुढच्या आठवड्यात परत करतो."

माझी आई शेजारणीला विरजण द्यायची, तेसुद्धा कधीतरी परत यायचं. हा तास कधी आला नाही.

मध्ये सरांना शुगर निघाली. डॉक्टरांनी दम दिला, रोज अर्धा तास चाला, नाहीतर गोळ्या वाढवतो. सर घाबरले. पण सकाळी ट्यूशन, संध्याकाळी ट्यूशन, माणसानं चालायचं कधी? मग एक दिवस मी बघते तर नववी 'ब' वर्गात मान खाली घालून उदाहरणं सोडवतेय आणि सावे सर एकटेच मैदानाला फेऱ्या मारतायत. पायात नवेकोरे स्पोर्ट्स शूज.

मी म्हटलं, "सर, हा पी.टी.चा तास ना?"

सर थांबलेसुद्धा नाहीत. हात हलवत पुढे जाता जाता म्हणाले, "म्हणून तर आलो टीचर. वाया कशाला घालवायचा?"

*

मग शाळेत ऑप्शन आले. आमच्या मुख्याध्यापिका लोपीस टीचर सज्जन बाई आहेत, पण कुठल्या वर्कशॉपला जाऊन आल्या की पुढचे पंधरा दिवस शाळेला त्रास होतो. यावेळी ठरलं की नववीच्या मुलांनी आपापल्या आवडीचा खेळ निवडायचा. ॲथलेटिक्स, कबड्डी, योग, डान्स, स्विमिंग. गेटवर रंगीत बॅनर लागला.

मी मीटिंगमध्ये विचारलं, "स्विमिंगसाठी पूल कुठाय?"

आमचे अध्यक्ष भाऊ खुर्चीत सरसावले. भाऊंच्या आजोबांनी केळीच्या वाडीतला तुकडा देऊन शाळा काढली. भाऊंनी उरलेल्या वाडीत बिल्डिंगा काढल्या. ते म्हणाले, "पूल नाही म्हणून ऑप्शनच ठेवायचा नाही का? थिअरी घ्या."

थिअरी म्हटल्यावर तो विषय पी.टी.चा राहत नाही. खेळ कुठलाही निवडा, पेपर सगळ्यांना सगळ्या खेळांचा. तो काढायला आणि तपासायला सावे सर.

आमच्या नववीत मर्सी नावाची मुलगी होती. पाचूबंदरची. बाप बोटीवर, आई मार्केटला मासळी विकते. ही पोरगी चालायच्या आधी पाण्यात पडलेली. ऑप्शन मात्र तिनं ॲथलेटिक्स घेतला होता, कारण जमिनीवर ती त्याहून भारी होती. अशी धावणारी मुलगी माझ्या एवढ्या नोकरीत मला दुसरी मिळाली नाही, हे सरळच सांगते.

पेपरात प्रश्न आला, "पोहण्याचे पाच फायदे लिहा." मर्सीनं एकच लिहिला. "माणूस बुडत नाही."

सावे सरांनी पाचपैकी एक मार्क दिला आणि लाल पेनानं शेरा मारला, "आणखी मुद्दे अपेक्षित."

मर्सी पेपर घेऊन माझ्याकडे आली. "टीचर, अजून काय पायजे त्यांना?"

*

सगळ्यात जास्त पालक आले ते डान्ससाठी. म्हणजे डान्सच्या विरोधात. गोखिवऱ्याला एकांचा पत्र्याचे डबे बनवायचा गाळा आहे. ते खास रिक्षा करून आले. त्यांच्या मुलीनं डान्स निवडला होता.

"टीचर, आमच्यात पोरी स्टेजवर नाचत नाहीत. संस्कार असतात ना काही. हिला योगात टाका."

टाकली. पोरगी वर्षभर शवासनात पडून पंखा बघत राहिली.

मे महिन्यात आमच्या क्लार्कच्या भावाची हळद होती. डीजे असा लावलेला की ताटातली भाजी हलत होती. मधोमध गोल करून लोक उभे. आत एक गृहस्थ दातात रुमाल धरून पाठीवर लोळत नागीण करत होते. कपाळाला हळद, शर्ट बाहेर. जवळ जाऊन बघते तर गोखिवऱ्याचे गाळेवाले. बाजूला त्यांची मुलगी, एका हातात बाबांचा चष्मा, दुसऱ्या हातात मोबाइल.

मला बघून ते उठले, गुडघे झटकले. म्हणाले, "टीचर, हा डान्स नाही हां. ही हळद आहे."

मुलगी मोबाइलमध्ये बघत म्हणाली, "पप्पा, व्हिडिओ कट झाला. परत झोपा."

*

एवढे ऑप्शन आल्यावर सोय नको का? भाऊंनी क्रीडा संकुल बांधायचं ठरवलं. संकुलाला मोकळी जागा लागते आणि शाळेत मोकळी जागा एकच होती. मैदान.

संकुल झालं मात्र देखणं. गुळगुळीत टाइल्स, स्टेज, वर झुंबर. खेळाच्या इमारतीला झुंबर कशाला, हे पहिल्याच शनिवारी कळलं. शनिवार-रविवार लग्नं, हळदी, बारशी. इतर दिवशी कुलूप, कारण मुलं खेळली तर टाइल्सना ओरखडे पडतात. दारावर पाटी लागली, "क्रीडा संकुल. कृपया चपला व चेंडू बाहेर ठेवावेत." कबड्डीवाले व्हरांड्यात गेले. योगवाले जिन्यात.

मैदानाचं काय झालं ते सांगते. पूर्वी गेटपासून मागच्या कुंपणापर्यंत शंभर मीटर सरळ धावता यायचं. आता सत्तर मीटरवर संकुलाची भिंत आली. पहिल्याच आठवड्यात एका मुलीचं कोपर सुजलं, दुसरीच्या कपाळाला टेंगूळ. मी भाऊंकडे गेले. म्हटलं, "मुली भिंतीवर आपटतायत."

भाऊ मनानं वाईट नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याकडच्या गाद्या आणून त्यांनी भिंतीला उभ्या बांधल्या. लाल मखमलीच्या, कडेला सोनेरी झालर.

"बघा टीचर, सेफ्टी झाली."

मग आमच्या मुली तशाच धावायला शिकल्या. जिवाच्या आकांतानं पळायचं, भिंत जवळ आली की टाचा रोवायच्या, दोन्ही हात पुढे करायचे आणि गादीवर थाप मारून थांबायचं. मर्सीची थाप सगळ्यांच्या आधी यायची.

*

मर्सीची आई मुलीच्या धावण्यावर खूश नव्हती. मी समजूत घालायला मार्केटला गेले. बाई पापलेटं रचत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी बोलाय आलात का मासली घ्याय?"

मी म्हटलं, "दोन्ही." बोलण्याआधी मासळी घ्यावी लागते, एवढी वसईत राहून अक्कल आली आहे. मग तिला सांगितलं की जिल्ह्यात पहिल्या दोघींत आली तर खेळाडूंच्या हॉस्टेलात घेतात. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिकडेच.

बाईनं हातातलं पापलेट खाली ठेवलं. "टीचर, मी पन लहानपनी पलायची. कोनी इचारलं नाय. हिचं आता बोलते. यंदा पयल्या दोगीत आली तं पाठवीन हॉस्टेलात. नाय आली तं दहावी करायची आनि माझ्या बाजूला बसायचं. मंग तुमी परत बोलाय यायचं नाय."

मला तिचा राग आला नाही. तिनं निदान एक संधी दिली होती, तीही स्पष्ट अट सांगून. आमच्या शाळेनं तेवढंही केलं नव्हतं.

*

मग मी ठरवलं की मर्सीला सरळ लांब पळवायचं. रस्त्यावर सोय नाही, बस आणि रिक्षा. म्हणून एका रविवारी तिला आणि आणखी चौघींना राजोडीच्या किनाऱ्यावर नेलं. तिथं वाळूवर गाड्या फिरवणारे पर्यटक. एक गाडी रुतली होती आणि आतली मंडळी खिडकीतून भेळ खात होती. मुलींना धावताना बघून त्यांना वाटलं, मदतीला आल्या. अर्धा तास माझ्या ॲथलीट गाडी ढकलत होत्या. गाडी निघाली, टाटा करून गेली, तोवर भरतीचं पाणी वर आलं.

सोमवारी लोपीस टीचरांनी बोलावलं. आवाज अगदी मऊ. "टीचर, आपलं एवढं संकुल असताना मुलींना बाहेर कशाला नेता? लोकांना वाटेल, आपल्याकडे सोय नाही."

*

जिल्ह्याच्या आधी शाळाशाळांची निवड फेरी असते. ती आमच्याकडे झाली, कारण आजूबाजूला क्रीडा संकुल असलेली शाळा आमची एकटीच. आता शंभर मीटरची शर्यत सत्तर मीटरच्या मैदानात कशी घ्यायची? भाऊ म्हणाले, "सगळ्यांना सारखंच ना? मग अन्याय कुठला?" बाहेरून आलेल्या मुलींना गादीवर थाप मारायची सवय नव्हती. दोघी आपटल्या. मर्सी पहिली आली.

स्टॉपवॉच बघून भाऊ हरखले. माईक हातात घेऊन म्हणाले, "आमच्या मर्सीनं शंभर मीटर ज्या वेळात पूर्ण केले, त्या वेळात जगात कुठल्याही बाईनं केले नसतील."

टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. वाक्य अगदी खरं होतं.

*

आता शेवटचा किस्सा.

जिल्ह्याच्या स्पर्धेला आम्ही गेलो. तिथं खरा ट्रॅक, पांढऱ्या पट्ट्या, समोर मोकळं रान. मी मर्सीला शर्यतीच्या आधी हाताला धरून शेवटच्या पट्टीपर्यंत चालत नेलं. म्हटलं, "इथपर्यंत. ही पट्टी ओलांडायची. आधी थांबायचं नाही." ती म्हणाली, "हो टीचर." भाऊ पांढऱ्या कपड्यांत आले होते, सोबत फोटोग्राफर. बॅनरचं डिझाइन आधीच तयार होतं, मध्ये फोटोपुरती जागा सोडलेली.

शिट्टी झाली. मर्सी सुटली ती सुटलीच. अर्ध्यात बाकीच्या मुली पार मागे. मनात म्हटलं, गेली ही पोरगी हॉस्टेलात, सुटली.

आणि सत्तर मीटरवर तिनं टाचा रोवल्या. दोन्ही हात पुढे केले, तळवे उघडे, आणि थांबली. समोर काही नव्हतं. मी किंचाळले. तिनं वळून माझ्याकडे बघितलं, पुन्हा पळायला लागली. तोवर तीन जणी पुढे निघून गेल्या होत्या.

भाऊ दोरी ओलांडून धावत आले. "अगं, का थांबलीस? पुढे सगळं मोकळं होतं."

मर्सीला धाप लागली होती. डोळे भरलेले, पण रडली नाही. म्हणाली, "सर, आपल्याकडे शंभर इथंच संपतात ना."

भाऊंनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. मग ते फोटोग्राफरकडे वळले. "सत्तरपर्यंत हीच पुढे होती ना? तेवढ्यातलाच घे एखादा."

दोन दिवसांत बॅनर मार्केटच्या नाक्यावर लागला. मर्सी सगळ्यांच्या पुढे, केस उडतायत, मागे बाकीच्या मुली पुसट. खाली मोठ्या अक्षरांत, "आमच्या क्रीडा संकुलाचा अभिमान." कोपऱ्यात भाऊ हात जोडून.

बोलायला परत यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी मार्केटला जायचं टाळत होते. पण एक दिवस जावं लागलं. मर्सी आईच्या बाजूला बसून कोलंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही. आईनं हात पुसले, उठली, मला दंडाला धरून नाक्यापर्यंत घेऊन गेली आणि बॅनरखाली उभं केलं.

"पोर बोलते, मी हारली," ती म्हणाली. "फोटोत तं हीच पुढं हाय. तुमी टीचर हाव, तुमी सांगा. खोटं कोन बोलतं?"