घडीमावशीसाठी लावलेली खोली

घडीमावशी आमच्याकडे पंधरा दिवसांसाठी येणार होती आणि मला ती कायमची हवी होती. हे मी तिला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला अर्धंमुर्धं सांगितलं होतं. सगळी भिस्त होती मागच्या खोलीवर. खोली अशी लावायची, की मावशीने एकदा पाठ टेकली की परत जायचं नावच काढू नये. तोंडाने बोलण्यापेक्षा मला ते फार सोपं वाटलं.

आमच्या घराण्यात तशी मायेचं बोलायची पद्धतच नाही. आम्ही ताटात वाढतो, पांघरूण सारखं करतो, आणि कुणी फारच जवळचं असेल तर त्याच्यावर ओरडतो. त्यातून माझा स्वभाव तापट. मनातलं सांगायला गेले की आवाज चढतो आणि समोरच्याला वाटतं ही भांडायला आली.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. स्टेशनजवळच्या एका मोठ्या हॉटेलात तिने एकतीस वर्षं चादरींच्या खोलीत काढली. तळघरातली ती खोली मी लहानपणी एकदाच पाहिली. छताला टेकलेल्या पांढऱ्या घड्या, इस्त्रीचा गरम वास, वाफ, आणि त्या वाफेत मधेच दिसणारी, मधेच नाहीशी होणारी माझी मावशी. ढगांना घड्या घालायचं काम इथेच होत असणार, अशी माझी पक्की समजूत झाली होती. तेव्हापासून ती घडीमावशी. रुमाल असो, वर्तमानपत्र असो नाहीतर दुकानातून आलेली पिशवी, तिच्या हातात पडली की कोपऱ्याला कोपरा लागलाच.

तिच्या स्वतःच्या घरी दोनच खोल्या. त्यातली आतली, उजेडाची, ती पाहुण्यांसाठी. ही बाई स्वतः बाहेर खाटेवर झोपायची. कुणाचा मुलगा परीक्षेला आलेला, कुणाची आई डॉक्टरला दाखवायला आलेली, असं कुणी ना कुणी असायचंच. पाहुणा येणार म्हटलं की मावशीच्या अंगात यायचं. चादर पायाशी घट्ट खोचायची नाही, झोपेत माणसाला पाय हलवायला जागा हवी. उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराच्या उलट बाजूला. दिव्याचं बटण पडल्या पडल्या हाताला लागलं पाहिजे, कारण दिवा बंद करायला उठलेल्या माणसाची झोप वाटेतच सांडते, असं तिचं म्हणणं.

आणि सगळं झालं की ती खांद्याला पर्स लावून बाहेर जायची, दारावर टकटक करून आत यायची आणि पाहुण्यासारखी बिचकत इकडेतिकडे बघायची. मग चपला काढून सरळ पलंगावर आडवी. खोली उभ्याने लावता येत नाही, म्हणायची, ती पडून लावावी लागते. सुट्टीत मी तिच्याकडे असले की मीही शेजारी पडायची. दुपारची वेळ. हिरव्या पडद्यातून येणारं ऊन पाण्यासारखं भिंतीवर हलायचं. बाहेर कुणीतरी नळावर बादली ठेवलेली, तिचा भरत जाणारा आवाज. मावशी डोळे मिटून सांगायची, आता मी तुझे लांबचे काका, माझे पाय मोठे आहेत, माझ्या पायाला काय लागतंय? मी अर्धवट झोपेत म्हणायची, कठडा लागतोय. आता मी शेजारणीची आई, मला खोकला आहे, मला काय हवंय? ते उत्तर देईपर्यंत मला झोप लागलेली असायची. अशा किती माणसांच्या अंगात शिरून आम्ही त्या पलंगावर पडलो असू, याचा हिशेबच नाही. आजही मला कधी दुपारी डोळा लागला, की क्षणभर आपण कोण आहोत ते आठवत नाही, आणि त्यात भीती वाटण्याऐवजी बरंच वाटतं.

एवढं करूनही मावशी काहीतरी विसरायचीच. कधी पाण्याचं भांडं नाही, कधी टॉवेल नाही, कधी आरशापुढे कंगवा नाही. पाहुणा बिचारा ओशाळा होऊन बाहेर यायचा आणि मागायचा. आईला हसायला तेवढंच निमित्त. जगाच्या खोल्या लावते आणि घरच्या पाहुण्याला कोरड्या घशाने झोपवते, असं ती चारचौघांत म्हणायची. मावशी हसून सोडून द्यायची. आई जाईपर्यंत ही थट्टा चालू होती.

तर अशी ही मावशी. यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि डॉक्टरांनी जिन्याला तूर्तास हात जोडायला सांगितलेलं. मी फोन करून म्हटलं, आमच्याकडे ये. तिकडून उत्तर आलं, पंधरा दिवस येईन, सोळाव्या दिवशी माझ्या घरी. धोब्याला कपड्यांची तारीख द्यावी तसं. माझं डोकं सणकलं. मी म्हटलं बरं, आणि फोन आपटला.

मग मी त्या मागच्या खोलीच्या हात धुऊन मागे लागले. खोली कसली, अडगळच ती. नवऱ्याने मोठ्या हौसेने आणलेली आणि ओले कपडे वाळत घालायच्या कामी आलेली व्यायामाची सायकल, जुनी खोकी, एक पाय मोडलेलं टेबल. सगळं हलवलं. भिंतींना फिका पिवळा रंग दिला. पलंगाची उंची मोजून पायांखाली लाकडी ठोकळे लावले, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार नको. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. नवऱ्याने विचारलं, मावशी येतायत की राजदूत? मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूटपणे भिंतीला भोकं पाडायला लागला.

शेवटी एका दुपारी, घरात कुणी नसताना, मी खांद्याला पर्स लावली, बाहेर गेले, टकटक केली आणि मावशी होऊन आत आले. गुडघा वाकवायचा नाही असं ठरवून पलंगावर पडले. लगेच कळलं. टेबल लांब आहे. चार वाजता ऊन थेट डोळ्यांवर येतं. पाणी घ्यायचं तर उठावं लागतं. उठून सगळं बदललं, पुन्हा पडले, आणि पडल्या पडल्या माझा डोळा लागला.

स्वप्नात नुसत्या चादरी होत्या, दोरीवर वाळत घातलेल्या, रांगेच्या मागे रांग. मी एक बाजूला केली की पलीकडे एक खोली. तिथे कुणी नाही, पण पलंग नुकताच कुणीतरी उठल्यासारखा उबदार. पुढची चादर सरकवली की पुढची खोली. वाऱ्याने सगळ्या एकदम हलत होत्या आणि ओल्या सुताचा वास येत होता. अगदी शेवटच्या खोलीत आई मटार सोलत बसली होती. तिने वर न बघताच मला म्हटलं, बस. मी बसणार एवढ्यात जाग आली. गालाखालची उशी ओली होती. मी अभ्रा बदलला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मावशी आली. वॉकर टेकत टेकत खोलीभर फिरली. उशाशी थर्मास, भांडं, चष्म्याची डबी, रेडिओ, मोबाईलचा चार्जर. हाताला लागेल अशी घंटी. बाजूला विजेची किटली, चहा, साखर, बिस्किटांचा डबा. टॉवेल तीन. तिने चादरीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हॉटेलात असते तर तुला ताबडतोब ठेवून घेतलं असतं. मी इतकी फुगले, की रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं.

पुढचे दिवस मात्र चमत्कारिक गेले. मावशी आत, आम्ही बाहेर. मी ऑफिसला जाताना दारातून विचारायची, काही हवंय? ती म्हणायची, काही कमी नाही गं. संध्याकाळी पुन्हा तेच. घंटी एकदाही वाजली नाही. नवरा म्हणाला, मावशींना एकांत आवडत असेल, आपण कशाला सारखं सारखं डोकावा? सकाळी मी आत जायची तेव्हा पलंग असा लावलेला असायचा, की तिथे कुणी झोपलं होतं हे सांगूनही खरं वाटू नये. बोलणंही तसंच, इस्त्री केलेलं. चहा छान झालाय. पंखा छान आहे. तुम्हाला उगीच त्रास. मावशीच्या तोंडी 'उगीच त्रास' मी पहिल्यांदाच ऐकलं.

सहाव्या दिवशी तिने नवऱ्याला गाडीवाल्याचा नंबर विचारला. गुडघा बरा वाटतोय, म्हणाली, दहा दिवस पुरेत बहुतेक. मी स्वयंपाकघरात होते. मी भांडी जरा जोरातच लावली. एवढं केलं, रंग दिला, ठोकळे लावले, आणि हिला पंधरासुद्धा जड झाले? राग येत होता आणि त्या रागाखाली रडू येत होतं.

सातव्या दिवशी सुट्टी होती. जेवणं झाली, नवरा बाहेर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पेंगत होता. मी मागच्या खोलीवरून जात होते. दार अर्धं उघडं. मावशी वॉकरवर दोन्ही हात टेकून टेबलासमोर उभी. थर्मासकडे बघितलं, मग किटलीकडे, मग टॉवेलांकडे, एकेका वस्तूवर थांबत थांबत. पिवळ्या भिंतीवर ऊन मऊ झालेलं, आणि त्यात ती फार लहान दिसत होती.

"काय हवंय मावशी?" मी विचारलं.

"तेच शोधतेय," ती म्हणाली. "मागण्यासारखं काहीतरी."

मला कळलं नाही. तिने मला आत बोलावलं, स्वतः पलंगावर टेकली आणि हळूहळू सांगू लागली. हॉटेलात एकतीस वर्षं तिने अशाच खोल्या पाहिल्या होत्या, ज्यांत काही म्हणता काही कमी नसायचं. माणसं यायची, झोपायची, निघून जायची. कोण तळमळलं, कोण रडलं, हे खाली आलेल्या चादरींवरून तिला कळायचं, पण एकाचंही तोंड कधी दिसलं नाही. म्हणून स्वतःच्या घरी ती एक वस्तू मुद्दाम काढून ठेवायची. कधी भांडं, कधी टॉवेल. ते मागायला माणूस बाहेर येतो. आला की बसतो. बसला की बोलतो.

मला आईने जन्मभर केलेली ती थट्टा आठवली, आणि मावशी एकदाही स्वतःची बाजू सांगायला गेली नाही, हेही. सुट्टीतल्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. भांडं मागायला आलेला पाहुणा, मग त्याच्यासाठी टाकलेला चहा, मग त्याच्या घरच्या गोष्टी, आणि मांडीवर पेंगणारी मी.

मग मी वेड्यासारखी उठले आणि सामान उचलायला लागले. थर्मास काखेत, किटली हातात, टॉवेल खांद्यावर, घंटी कुठे ठेवावी कळेना म्हणून ओढणीत. मावशी हसायला लागली. आल्यापासून पहिल्यांदा ती तशी हसली.

"ठेव गं ते सगळं," ती म्हणाली. "तू पण एक गोष्ट काढून ठेवलीच आहेस की. रोज वाट बघते, आज तरी बाहेर काढशील."

मी तोंड उघडलं तर आवाज चढला, नेहमीसारखाच.

"मावशी, तू जाऊ नकोस. पंधरा दिवस नाही आणि महिना नाही. तू इथेच राहा. मला तू हवी आहेस."

बाहेर वर्तमानपत्र सळसळलं, म्हणजे नवरा जागा झाला असणार. मावशीने माझ्या खांद्यावरचे टॉवेल ओढून घेतले आणि मला शेजारी बसवलं. तिचा हात इतक्या वर्षांच्या इस्त्रीने कडक झालेला, पण गरम होता.

"पंधरा दिवस तूच म्हणाली होतीस," मी नाक पुसत म्हटलं.

"मग काय म्हणणार?" मावशी म्हणाली. "तू म्हणालीस, ये. राहा म्हणालीच नाहीस. न विचारता कायमचं राहायला कुणी येतं का गं?"