साडूभाऊंनी पाहिलेला सिनेमा

खुलताबादपासून करमाडपर्यंतच्या टापूत माझ्या साडूंच्या परवानगीशिवाय कुणाचाही संसार मोडू शकत नाही. नवरा-बायकोचं बिनसल्याचा नुसता वास आला, की दोन्हीकडचे मामा, एखादे निवृत्त गुरुजी आणि भाड्याची जीप गोळा करून ते बैठकीला हजर. नियम कडक. समेट झाल्याशिवाय चहाला शिवायचं नाही, भांडण उकरायचं तर थेट लग्नातल्या मानपानापासून, आणि ज्यांचं भांडण आहे त्या दोघांनी बैठकीत बसायचं नाही. करमाडला एकदा खुद्द नवऱ्याने दारातून डोकावून "मी बोलू का?" असं विचारलं, तर साडूभाऊ कडाडले, "तुझा काय संबंध? मोठी माणसं बोलायलेत ना!" तीन तासांनी चहा आला. बायको नांदायला येतेय, हे त्या बिचाऱ्याला जीप निघाल्यावर कळलं.

अशा माणसाची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, बत्तीस वर्षं संसार करून एक दिवस पिशवी भरून कन्नडला भावाकडे निघून गेली. साडूभाऊंनी शिरस्त्याप्रमाणे बैठक नेली. अकरा जण बोलले. मेहुणी आत त्या अकरा जणांच्या भाकरी थापत होती. सगळ्यांचा समेट झाला, चहा झाला, फक्त ती आली नाही. साडूभाऊंचं तोंड एवढंसं झालं. मला खरंच वाईट वाटलं.

मन रमावं म्हणून मी त्यांना दुपारच्या खेळाला नेलं. सिनेमा नेमका संसार मोडण्याचा निघाला. पोस्टरवर दोघं हसत होती, त्यात माझा काय दोष! पडद्यावर भांडण पेटलं आणि साडूभाऊ चुळबुळू लागले. "पाव्हणं, पोरीचा मामा कुठंय?" थोड्या वेळाने तर ते उभेच राहिले. "अरे, दोघंच बोलायलेत! मोठं माणूस नाय का घरात एखादं?" मागून कुणी ओरडलं, "चचा, बैठो ना!"

मध्यंतरानंतर सिनेमातली बायको एकटीच बराच वेळ बोलली. नवरा ऐकत राहिला. मी शेजारी पाहिलं, तर साडूभाऊ पॉपकॉर्न मांडीवर तसेच धरून बसले होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आमच्या हिला काय पायजे, मला बी ठाऊक नाय."

दुसऱ्या दिवशी ते एसटीने एकटेच कन्नडला गेले आणि मेहुणीसमोर बसून त्यांनी विचारलं, "तुला काय म्हणायचंय?" ती आधी रडली म्हणे. मग म्हणाली, "एका दिवसात व्हायचं नाय ते."

तेव्हापासून ते रोज जातात. परवा स्टँडवर भेटले. थकलेले होते, पण दाढी नीट केलेली. मी विचारलं, "ताई येणार का परत?"

"विचारलं नाय. लग्नाच्या चौथ्या सालापर्यंत आलीय आता. तिचं बोलून होऊ द्या." गाडी लागली तसे जागा धरायला धावले.

घरी आलो. बायको मेथी निवडत होती. तिच्यासमोर जाऊन बसलो. तिने मान वर करून पाहिलं, आणि विचारायचा माझा धीर झाला नाही.