छापखान्याची चूक

सरकारी छापखान्यात ती एकतीस वर्षं प्रुफं तपासत होती. पाठीमागे सगळे तिला दुर्बीणबाई म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. चष्मा कपाळावर सारून ती कागद जवळजवळ नाकाला लावायची, आणि मग त्यातल्या चुकांची काही धडगत नसायची. नवरा शिंपी. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "माझ्या पहिल्या चिठ्ठीत हिनं सात चुका काढल्या. आठवी चूक म्हणजे मी. ती मात्र हिच्या नजरेतून सुटली."

कामाची रीत अशी, की समोर बसलेला वाचक मूळ कागद मोठ्यानं वाचणार आणि ती छापलेल्या प्रुफावर बोट फिरवणार. हा वाचक स्वल्पविरामसुद्धा बोलून दाखवायचा, पूर्णविरामही, आणि मूळ कागदावर कुणी काही खोडलं असेल तर तेही सांगायचा. आवाजात चढउतार नाही, अर्थाशी घेणंदेणं नाही. बावीस वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसले. नवरा-बायको बोलत नसतील इतकं बोलले, पण त्यातलं एकही वाक्य त्यांचं स्वतःचं नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी पाण्याच्या तपासणीचा अहवाल छापायला आला. बत्तीस टाक्या, बत्तीस ओळी, वाचताना जांभया याव्यात असला मजकूर. एकोणिसाव्या ओळीवर वाचक म्हणाला, "खालच्या वस्तीतल्या टाकीचे पाणी पिण्यास योग्य, नाही खोडलंय, वर आहे लिहिलंय, पूर्णविराम."

"कुणी खोडलंय?"

"हिरवी शाई आहे. बाजूला मंत्र्यांची सही."

"मग आहे," ती म्हणाली, आणि बोट विसाव्या ओळीवर गेलं.

एवढंच झालं. मूळ कागदाशी प्रूफ जुळलं, काना-मात्रेचा फरक नव्हता. दोघांनी प्रुफाच्या कोपऱ्यात सह्या केल्या आणि चहा प्यायला गेले. पुढच्या दीड महिन्यात खालच्या वस्तीत एकवीस माणसं गेली, त्यांतली अर्ध्याहून जास्त शाळेच्या वयाची. वर्तमानपत्रात यादी आली तेव्हा तिनं ती सवयीनं चष्मा वर सारून वाचली. यादीत एकही चूक नव्हती. त्या दिवसापासून तिला घास गिळवेना.

मंत्री सभागृहात बोलले ते तिनं नवऱ्याच्या दुकानात रेडिओवर ऐकलं. माणूस बोलायला मोठा गोड. आधी गहिवरला, मग दोन क्षण थांबला, आणि मग म्हणाला, की मूळ अहवालात पाणी अयोग्य असल्याचं स्पष्ट नमूद होतं, छापखान्याच्या चुकीमुळे एक शब्द बदलला गेला, आणि दोषींची गय केली जाणार नाही. बाकं वाजली. नवऱ्यानं मशीनवरचा पाय काढला.

"तुझ्या छापखान्याचं नाव घेतलं की गं त्यानं."

"छापखान्याचं नाही, माझंच घेतलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोचल्या पोचल्या ती मूळ कागदांच्या कपाटाकडे गेली. अहवाल जागेवर होता. एकोणिसावी ओळही होती. पण तिथं स्वच्छ टाइप केलेलं 'नाही' होतं. हिरवी शाई कुठंच नव्हती. कागद इतका कोरा करकरीत, की बाकीच्या पिवळट पानांमध्ये तो ओळखू यायला दुर्बीण कशाला हवी? कपाटाचं कुलूप शाबूत होतं, आणि हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. कुलूप फोडलं असतं तर निदान चोरीची तक्रार तरी करता आली असती.

वाचक तिच्याकडे बघेना. पेन्सिलीला टोक करत बसला. टोक करून झालं तरी करतच राहिला.

"तुम्ही काही लिहून दिलंत?"

"काल मंत्र्यांच्या कचेरीतून घरी आले होते," तो पुटपुटला. "फार चांगलं बोलले. मुलगी नुकतीच शिक्षिका म्हणून कायम झालीय ना, तिची चौकशी केली. कोणत्या शाळेत, किती वाजता सुटते, एकटीच येते का. बाई, मी काय करणार होतो?"

ती चिडली नाही. चिडायला तिच्याकडे तोंडच नव्हतं. 'मग आहे' हे दोन शब्द तिचेच होते.

अकराच्या सुमाराला मंत्र्यांच्या कचेरीतले साहेब आले. तरुण, नीटनेटके, खुर्ची ओढतानाही आवाज होऊ न देणारे. हातात शुद्धिपत्रकाचं प्रूफ होतं. शुद्धिपत्रक म्हणजे सरकारची चूक सरकारनंच दुरुस्त केल्याचा छापील कागद, आणि तोही तिनंच तपासायचा. स्वतःच्या फाशीचा दोर स्वतःच वळण्यातला हा प्रकार, पण साहेबांना त्यात काही वावगं दिसत नसावं.

"घाई नाही," ते म्हणाले. "नेहमीसारखं तपासा, सही करा. एक साधा ठपका येईल. अकरा महिन्यांनी निवृत्त होताय, सुखानं व्हाल."

"आणि सही नाही केली तर?"

"मग चौकशी. एकवीस जीव गेलेत बाई, कुणालातरी जाब द्यावाच लागणार." हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं.

ती प्रूफ घेऊन बसली. "वाचा," वाचकाला म्हणाली.

दालनात आणखी अकरा माणसं होती. वाचकानं घसा खाकरला. "मुद्रितशोधकाच्या नजरचुकीमुळे, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नाही, अवतरणचिन्ह बंद, या शब्दाऐवजी, अवतरणचिन्ह, आहे, अवतरणचिन्ह बंद, असे छापले गेले, पूर्णविराम."

"पुन्हा."

त्यानं पुन्हा वाचलं. या वेळी आवाज 'नजरचुकीमुळे'वर अडखळला. बावीस वर्षांत त्याचा आवाज कधी अडखळला नव्हता.

"पुन्हा वाचा."

"बाई, पुरे," साहेब म्हणाले.

"माझी रीत आहे. पुन्हा."

"मुद्रितशोधकाच्या," वाचक म्हणाला आणि थांबला. त्यानं कागद खाली ठेवला. मग त्यानं डोळे मिटले आणि त्याच सपाट आवाजात बोलू लागला, "नाही खोडलंय. वर आहे लिहिलंय. हिरवी शाई. बाजूला सही, पूर्णविराम."

अकरा माणसांनी ते ऐकलं. अकराही माणसं आपापल्या कागदात इतकी गढून गेली, जणू जगातल्या सगळ्या चुका आजच काढायच्या होत्या. तिला त्यांचा राग आला आणि लगेच ओसरला. तीन महिन्यांपूर्वी तिनं तरी दुसरं काय केलं होतं?

तिनं लाल पेन्सिल उचलली. प्रुफाच्या कडेला लिहिलं, मूळ प्रतीशी जुळत नाही. खाली लिहिलं, मूळ प्रतीत शब्द मंत्र्यांच्या हातानं बदललेला होता. तो मी ऐकला आणि का बदलला ते विचारलं नाही, ही माझी चूक. एवढीच माझी. नेहमी ती सहीची दोन अक्षरं करायची. आज तिनं पूर्ण नाव लिहिलं. वाचकानं कागद आपल्याकडे ओढला. आपलं नाव तिच्या नावाखाली लिहायला त्याला खूप वेळ लागला.

साहेबांनी सगळं शांतपणे वाचलं. ओरडले नाहीत, टेबलावर हात आपटला नाही. कागदाची चौपदरी घडी करून खिशात घातली. आतल्या खोलीत छपाईचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला, म्हणजे शुद्धिपत्रक सह्यांशिवायच छापायला गेलं होतं. दुसरी प्रत आधीपासून तयार असणार.

मग साहेबांनी छोटी वही काढली आणि फार आपुलकीनं विचारलं, "आपण राहता कुठं?"

तिनं गल्ली सांगितली, शिंप्याचं दुकान सांगितलं, दुकानाच्या वर दुसरा मजला, जिन्यानं गेल्यावर उजवीकडचं दार. ते भराभर लिहीत गेले. तिनं चष्मा कपाळावर सारला, वहीवर वाकली आणि त्यांच्या ओळीवर बोट ठेवलं.

"'उजवीकडचं' मधला उ ऱ्हस्व," ती म्हणाली. "तुम्ही दीर्घ काढलाय. दुरुस्त करा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि उ दुरुस्त केला.