एकोणिसाव्या मैलावरचं पाणी

महायुद्ध संपून दहा वर्षं झाली होती. पलटणीने मला भरतीच्या कामावर सोलापूरला धाडलं होतं. हुद्दा हवालदार. जानेवारीत मेजरसाहेबांनी शर्यत ठरवली. अक्कलकोट रस्त्याने तेरा मैल जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. रस्ता आणि हवा पाहून रिपोर्ट देण्याचं काम माझ्याकडे आलं.

तीन दिवस मी तो रस्ता पायी तुडवला. मुरमाचा रस्ता, चढ किरकोळ, सावली जवळजवळ नाहीच. पहाटे कानटोपी लागायची आणि अकराला सदरा पाठीला चटके द्यायचा. वारा पूर्वेचा. जाताना तो तोंडावर येणार, गडी खूश राहणार. परतताना तोच वारा पाठीला. वाऱ्याच्या संगतीने पळणाऱ्याला वारा लागतच नाही, अंगातली ऊब अंगातच राहते. कागदावर जाणं आणि येणं सारखंच दिसतं. ते तसं नसतं, हे मी मेसोपोटेमियात शिकलो होतो.

उरलीसुरली शंका भवानी पेठेत फिटली. तिथे मल्लय्या विणकर राहायचे. त्यांचा थोरला, व्यंकटी, माझ्या सेक्शनमध्ये नाईक होता. तो मेसोपोटेमियातून परतला नाही. धाकटा नरसय्या गिरणीत होता आणि शर्यतीत पळणार होता. म्हातारे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. ताण्याचे धागे तटातट तुटत होते.

"जमिनीवर दोनदा पानी मारलं, तरी सूत तुटतंय की," ते म्हणाले. "हवा लई कोरडी हाय. घाम आलेला बी कळायचा न्हाय. हवालदार, पोराच्या पान्याचं तुमी बगा. आता त्यो एकलाच हाय."

"बघतो," मी म्हणालो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तहान नाही, असं मी दर खेपेप्रमाणे सांगितलं.

रिपोर्टात मी लिहिलं: स्टार्ट सकाळी सहाला, पाणी दर तीन मैलांवर. मेजरसाहेब हसले.

"हवालदार, ठंडी का मौसम है. स्टार्ट नौ बजे. पानी एक जगह, टर्निंग पर."

मध्ये कुठेही कुणाकडून पाणी घेतलं की गडी बाद, असा नियम झाला. मी सॅल्यूट ठोकला. सॅल्यूट ठोकायला मला कधी वेळ लागला नाही, हीच माझी खोड.

शर्यतीच्या दिवशी माझी ड्यूटी सातव्या मैलावर, एका बाभळीखाली होती. परतताना तोच एकोणिसावा मैल. नऊ छप्पनला नरसय्या आला, सगळ्यांच्या पुढे.

"हवालदारसाब, गार वारा हाय!" तो पळता पळता ओरडला. "तहानच न्हाय!"

अकरा पस्तीसला तो परत आला, तेव्हाही पहिलाच होता. बनियन कोरडी खडखडीत, तिच्यावर मिठाचे पांढरे डाग. ओठ फुटलेले. पाय रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला जात होते. दुसरा गडी फर्लांगभर मागे.

"टर्निंगला पाणी प्यालास?"

"न्हाय. येळ गेला असता."

मी वॉटर बॉटल उघडली.

"नगं! बाद हुईन मी!"

"थांब. हुकूम आहे. पी."

तो प्याला आणि मग त्याने मला शिव्या घातल्या. तेवढ्यात दुसरा गडी पुढे निघून गेला. त्याला गाठायला नरसय्या निघाला, दोन पावलं टाकली आणि मटकन खाली बसला. मी त्याला सावलीत ओढलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला. वहीत लिहिलं, 'नंबर अकरा. पाणी दिलं. बाद.' खाली सही केली.

संध्याकाळी टांग्यातून त्याला घरी नेलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला. मग दहा वर्षं न सांगितलेलं मी मल्लय्यांना सांगून टाकलं.

"व्यंकटी लढाईत गेला, असं पत्र आलं होतं. ते खरं नाही. आम्ही पायी मार्चवर होतो. दिवाळीचा सुमार. पहाटे थंडी, नंतर ऊन, वारा पाठीला. हुकमाशिवाय बाटली उघडायची नाही, असा कायदा होता. दहा वाजता तो म्हणाला, 'हवालदार, ही हवा सूत तोडायची हाय. एक घोट घेऊ का?' मी म्हणालो, 'दोन मैलांवर हॉल्ट आहे.' तो दीड मैल चालला. माझी बाटली भरलेली होती."

मला रडू आवरेना. मल्लय्यांनी तुटलेला धागा उचलला, पण तो त्यांना जोडता येईना.

"म्हनून तुमी हितं पानी घेत न्हवता व्हय," ते म्हणाले.

नरसय्या उठला. भिंतीला धरत रांजणापाशी गेला, तांब्या भरला आणि माझ्यासमोर धरला.

"प्या," तो म्हणाला. "हुकूम हाय."

मी प्यालो.

पलटणीच्या स्मारकाच्या दगडावर नाईक व्यंकटीचं नाव कोरलं आहे. तिथे गेलो की मी आधी बाटलीतलं पाणी ओततो आणि मग सॅल्यूट करतो.