माझे पाय, त्यांचा विषय

“तू आज बोलू नकोस. नुसती उभी राहा. पाय नीट दिसू देत.”

मॅडम हसून बोलल्या. त्या नेहमी हसूनच बोलायच्या. मी फळ्यापुढच्या ओट्यावर चढले. समोर सगळी अकरावी. सगळ्यांच्या पायांत काळे बूट. माझे पाय उघडे, टाचा धुळीने भरलेल्या.

आप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन आठवडाही झाला नव्हता. आम्ही रिहे गावचे, शेरडं राखणारे. मी एकुलती, म्हणून अग्नी मी दिला. चुलते म्हणाले, “पोरीनं कशाला?” आई म्हणाली, “तिचा बाप हाय.” तिथं ते मिटलं. अग्नी देणाऱ्याने दहाव्यापर्यंत पायात काही घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी ती पाळत होते.

सुतकात कुणी शाळेत जात नाही. मी गेले, कारण त्या दिवशी वादविवाद होता आणि बोलणाऱ्यांत माझं नाव होतं. पुण्यातल्या एका संस्थेच्या या मॅडम दर शनिवारी आम्हाला सार्वजनिक धोरण शिकवायला यायच्या. नियम कसे ठरतात, लोकांनी प्रश्न कसे विचारायचे, असं सगळं. विषय होता, शाळेत पोशाखाची सक्ती असावी का. मी विरोधात बोलणार होते. भाषण आप्पांना वाचून दाखवलं होतं. ते पाला तोडत ऐकत होते. म्हणाले, “लई लांबतंय. पर बोल तू.”

फाटकातच मुख्याध्यापकांनी अडवलं.

“बूट?”

“सर, दहावा व्हायचाय.”

“ते घरी. इथे नियम म्हणजे नियम.”

मागून मॅडमची गाडी आली. काच खाली झाली. “अहो सर, येऊ द्या तिला. आजचा विषयच हा आहे!”

मला वाटलं, बाई चांगल्या आहेत. संशय आला तो ओट्यावर चढल्यावर.

सागर सक्तीच्या बाजूने बोलला. “रीत मान्य. पण हिच्या पायात काच घुसली तर जबाबदार कोण? शाळाच ना?” माझ्या जागी वैष्णवीला उभं केलं होतं. ती म्हणाली, “ती गरीब आहे. दुःखात आहे. तिला समजून घ्या.” दोघंही माझ्याबद्दल बोलले. माझ्याशी कुणीच नाही. मागून कुणीतरी ओरडलं, “अय मॉडेल, वळ की जरा!” हशा. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, “शांत. भावनांचा आदर करा.” आणि मोबाईलवर फोटो काढला. फक्त पायांचा.

पहिल्या बाकावर रुकसाना होती, डोक्यावरून ओढणी घेतलेली. पौडला तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. ती हळूच म्हणाली, “आज तुझे पाय. उद्या माझी ओढणी बघ.”

मत घेतलं. हात वर झाले. ठरलं की मला दहाव्यापर्यंत सवलत द्यावी. टाळ्या. रुकसानाने हात वर केला नाही.

“बघा, ही लोकशाही,” मॅडम म्हणाल्या. “थँक्यू म्हण सगळ्यांना.”

मी खाली बघत होते. बाकांखाली बूटच बूट. प्रत्येक टाचेवर मॅडमच्या संस्थेचं छोटं चिन्ह. बूट त्यांनीच वाटले होते, आम्हाला रांगेत उभं करून, फोटो काढून. सक्ती त्यानंतर आली. त्याआधी आम्ही चपला घालून यायचो, कुणाचं काही अडत नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. पण ओट्यावरून ते स्पष्ट दिसलं.

“मला सवलत नको,” मी म्हणाले. “माझा नंबर होता. मी बोलणार.”

“अगं, मतदान झालं ना.”

“बुटांचा नियम कुणी केला, मॅडम? तेव्हा आमच्यातल्या कुणाला विचारलं?”

मॅडमनी दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांकडे पाहिलं. त्यांनी बाहेर पाहिलं.

“छान प्रश्न आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण तो आजचा विषय नाही.”

मी भाषण सुरू केलं. मध्येच घंटा झाली. पोरं उठली. मॅडम पर्स आवरत होत्या. मी थांबले नाही. शेवटपर्यंत एकटी रुकसाना ऐकत बसली. खरंच लांबलं होतं ते.

उतरल्यावर मी म्हणाले, “तो फोटो काढून टाका.”

“अगं, चेहरा कुठंय त्यात?”

“पाय माझेत.”

“बरं बाई, टाकते.” मोबाईल पर्समध्ये गेला. फोटो गेला असेल असं मला आजही वाटत नाही.

दहावा झाला. आईने बूट पुढे ठेवले. मी जुन्या चपला घातल्या आणि फाटकाशी गेले. सरांना म्हणाले, “नियम कुठं लिहिलाय ते दाखवा. कुणी केला ते वाचायचंय.” सर म्हणाले, “आधी आत जा.” मी चपला घालून आत गेले. नियम अजून कुणी दाखवलेला नाही.

आता आम्ही बारावीत आहोत. मॅडम अजून येतात, अजून हसतात. ओढणीचा विषय निघेल. तो निघाला की त्या ओट्यावर रुकसानाला उभं करू द्यायचं नाही, मतासाठी एकही हात वर होण्याआधी मी उठायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचं नाही.