उंबऱ्यात अडकलेले फोन

आमच्या छायाचा आवाज घरात कुणाला ऐकू जात नसे. भाजीत मीठ घातलं का, हेसुद्धा ती भुवया उंचावून विचारायची. आणि तिचाच आवाज मखमलाबादपासून गिरणाऱ्यापर्यंतच्या मळेकऱ्यांनी रोज फोनवर ऐकावा, ही देवाचीच गंमत.

छाया माझी सून. माहेर नांदगावचं. शहाण्णव साली लग्न होऊन मळ्यात आली तेव्हा तिच्या पेटीत साड्या कमी, कॉम्प्युटरची पुस्तकं जास्त. मी म्हटलं, बाई, ही पेटी उचलायला बैल जुंपावा लागेल. हसली नाही. पण संध्याकाळी बघते तर पुस्तकं काढून तिने माझ्या खाटेखाली लावलेली. म्हणजे रोज माझ्याच डोक्याखालून विद्या न्यायची!

माझा वाल्मीक सातपूरला कारखान्यात पाळीवर जायचा. त्याने तिला तिकडेच एका वर्कशॉपात टायपिंगला लावली. पुढे फुलबाजाराजवळ आमच्या मळेकऱ्यांचा संघ होता, तिथे कॉम्प्युटर आला आणि छायाला बोलावणं आलं. संघाचे चेअरमन बहिरूअण्णा. मनाने चांगले, पण रागाला घाई फार.

काम असं होतं. कॉम्प्युटरला सहा फोनच्या लाइनी जोडलेल्या, प्रत्येक लाइनीला एक दिवा. मळेकऱ्याने घरून फोन लावायचा, यंत्राने उचलायचा आणि छायाच्या आवाजात सांगायचं, आज झेंडू काय, शेवंती काय, गुलछडी काय. मग ज्याचं त्याने ठरवायचं, माल नाशकात उतरवायचा की कल्याणच्या गाडीत भरायचा. हा सगळा कारभार छायाने स्वतः लिहून यंत्रात घातला होता. पण अण्णांना भरवसा नव्हता. "दसऱ्याच्या गर्दीत टिकलं तर खरं. नाय टिकलं तर लाइनी काढून टाकू, आणि सूनबाई, तुम्ही घरचं बघा," असं त्यांनी चार माणसांत बोलून ठेवलं होतं. त्या दिवशी घरी येऊन छायाने भाकरी दोनदा करपवली.

त्या वर्षी खंडेनवमीला मी झेंडूच्या टेम्पोत बसून बाजारात गेले. माल उतरवला आणि छायाचा डबा घेऊन संघात शिरले, कारण ती पहाटे उपाशीच निघाली होती. आत पाहते तर कॉम्प्युटरला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. संघाच्या शिपायाने, मंगळूने, सकाळीच पूजा केलेली. आणि छाया ती माळ बाजूला सारून खटाखटा बटणं दाबतेय.

मंगळू हात जोडून उभा. "ताई, आज हत्याराला हात लावायचा नसतो. सकाळी मी पूजा केली आणि तुम्ही ते चालूच ठेवलं. रुसलंय ते."

"मंगळूभाऊ, गप बसा हो जरा," छाया म्हणाली. घरात जिचा आवाज निघत नव्हता ती! मी डबा कडेला ठेवला आणि स्टुलावर बसले.

झालं होतं असं. सकाळी यंत्राने फोन उचलणं बंद केलं. बाहेर लोकांच्या घरी नुसती घंटी वाजत राहायची. छायाने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, तर सुरळीत. तासाभराने पुन्हा तेच. आणि चार वाजता दसऱ्याचा भाव फुटणार होता. तेव्हा सगळा तालुका एकदम फोन लावणार.

अण्णा दारात येऊन उभे राहिले. "सूनबाई, चारपर्यंत बघतो. मग टेलिफोनवाल्याला सांगतो, वायरी काढून न्या म्हणून. लोक मला शिव्या घालतायत."

"चारपर्यंत बघा," छाया म्हणाली. वर पाहिलं नाही.

तिला आता यंत्राच्या पोटात काय चाललंय ते बघायचं होतं, पण यंत्राने तिलाच सांगितलं, नवीन कामाला जागा नाही. मग ती यंत्राच्या मालकाचं नाव टाकून आत शिरली, त्याला म्हणे एक राखीव दार असतं, आणि आत कोण कोण आहे ते विचारलं. पडद्यावर ओळींवर ओळी सरकत राहिल्या. छायाचा हात थांबला.

"आई, ही सगळी संपलेली आहेत."

"कोण संपलं गं?"

तिने बोट पडद्यावर ठेवून सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. यंत्रात एक बाप बसवलेला. तो स्वतः कुणाशी बोलत नाही, नुसता सहा लाइनींवर कान ठेवून असतो. फोन आला की एक पोर जन्माला घालतो आणि सांगतो, तू याच्याशी बोल. पोर भाव सांगतं, फोन ठेवतं, त्याचं काम संपतं. पण संपलं म्हणून ते जात नाही. काम कसं झालं ते बापाला सांगायचं असतं. बापाने विचारलं की यंत्र पोराचं नाव खोडतं. बापाने विचारलंच नाही, तर पोर काही करत नाही, काही खात नाही, पण जागा अडवून बसतं.

आपल्याकडे पाहुणा उठला की विचारतो, येऊ का? घरच्याने 'या' म्हटल्याशिवाय त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. घरची बाई चुलीपाशी गुंतली असेल तर बिचारा चपला घालून दारातच ताटकळतो. तसे यंत्र पुन्हा चालू केल्यापासूनचे सगळे फोन त्याच्या उंबऱ्यात उभे होते. नवीन पाहुणा शिरणार कुठून?

"मग हाकल ना त्यांना," मी म्हटलं.

"हाकलता येत नाही. जे मेलंय त्याला काय मारणार? आम्ही कॉम्प्युटरवाले यांना भुतंच म्हणतो."

मंगळू दोन पावलं मागे सरकला. "नवमीच्या दिवशी कशाला नाव काढता, ताई!"

"आणि इतके दिवस नाही ती भुतं आजच कुठून आली?" अण्णांनी विचारलं.

छायाने मंगळूकडे बघितलं. "हे रोज संध्याकाळी सगळं बंद करून जातात म्हणून." मंगळूला आगीची भीती. तिने शिकवलेली कळ दाबून तो यंत्र झोपवायचा, मग मेन स्विच बंद, मग उदबत्ती, मग कुलूप. रोज रात्री उंबरा आपोआप रिकामा होत होता. एरवी दिवसाला फोन थोडे, त्यामुळे दार कधी भरलंच नव्हतं; आज दसऱ्याच्या फोनांनी ते तासाभरात भरलं. "बापाने विचारायचं, हे मी लिहायलाच हवं होतं. राहिलं," ती म्हणाली.

अण्णांचा चेहरा रागाने झेंडूसारखा झाला. "म्हणजे चूक तुमचीच!"

"माझीच आहे. म्हणून मलाच ती निस्तरू द्या."

तिने यंत्र पुन्हा चालू केलं, लाइनी वाजायला लागल्या, आणि फोन येत असतानाच ती बाजूला नवीन बाप लिहायला बसली. मी भाकरीचा तुकडा मोडून पुढे केला. तिने मान हलवली. बाहेर ओट्यावर मळेकरी जमू लागले होते. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बाईच्या हातात दिलं की असंच व्हायचं." मी तिथूनच ओरडले, "तुझा झेंडू कोण तोडतं रे, तू का तुझी बायको?" मग जरा शांत झालं.

नवीन बाप लिहून झाला. आता जुन्याला गादीवरून उठवायचा. अण्णा भिंतीवरच्या मेन स्विचकडे गेले. "बंद करू?"

"हात नका लावू!" छाया खुर्चीतून उठलीच. "तीन लाइनींवर माणसं भाव ऐकतायत. मी फक्त बापाला उठवते."

"आणि त्याची पोरं?"

"पोरकी झाली की यंत्राच्या मूळ पुरुषाकडे जातात. यंत्र चालू होताना तो सगळ्यात आधी जागा झालेला असतो. बोलणारी बोलून घेतील. जी दारात उभी आहेत त्यांना तो एकेकाला 'या' म्हणेल."

तिने बटण दाबलं. मीही मान लांब करून बघत होते, का ते माझं मला माहीत नाही, मला त्यातलं काय कळत होतं? ओळी पटापट पुसल्या गेल्या. तीन लाइनींचे दिवे लागलेलेच राहिले, मग एकेक करत विझले. कुणाचा फोन मध्येच तुटला नाही. नवा बाप गादीवर बसला. पहिला फोन आला, उचलला, छायाचा आवाज घुमला, दिवा विझला, आणि दारात कुणी उरलं नाही.

मंगळूने माळेला हात लावून नमस्कार केला. अण्णा मात्र पक्के. शेजारच्या खोलीत जाऊन त्यांनी स्वतः फोन लावला. आम्हाला इकडे यंत्रापाशी ऐकू येत होतं. घंटी वाजतेय, वाजतेय, वाजतेय.

"उचलत नाय!" ते तिकडूनच ओरडले.

छायाने पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. एकच लाइन चालू, बाकीच्या पाच नुसत्या वाजत होत्या. घाईत तिने बापाला सांगून ठेवलं होतं, पोर परत येईपर्यंत वाट बघ. तो आज्ञाधारक. एका पोराला कामाला धाडून दारात बसला, आणि ते येईपर्यंत दुसरीकडे बघेना. आधीचा बाप कुणाची वाट बघत नव्हता, हा वाट बघण्यापलीकडे काही करत नव्हता.

घड्याळात चारला थोडाच वेळ उरला होता. अण्णा आत आले. या खेपेला ओरडले नाहीत, तेच वाईट होतं. "सूनबाई, तुम्ही मेहनत केली. मी टेलिफोनवाल्याला सांगतो."

"अण्णा, भाव अजून फुटला नाही."

"आता काय..."

"तुम्ही चार म्हणाला होता."

एवढं बोलून ती पुन्हा वळली. मी उठून खिडकी लावली, म्हणजे ओट्यावरचा गलका तिच्या कानात नको. ती पुटपुटत लिहीत होती आणि मला ऐकू येत होतं. "वाट बघत बसू नकोस. जाता येता दाराकडे नजर टाक. जे कुणी उभे असतील तेवढ्यांना वाटेला लाव. कुणी नसलं तर थांबू नकोस, आपल्या कामाला लाग." मला वाटलं, हे तर प्रत्येक सासूला लिहून द्यावं.

बाजारातून हमाल धावत आला, हातात भावाची चिठ्ठी. भाव फुटला होता. छायाने रिसीव्हर तोंडाशी धरला, नवा भाव आवाजात भरला. घसा बसला होता, पण आकडे स्वच्छ. मग मधल्या बापाला उठवलं, तिसऱ्याला बसवलं.

सहाच्या सहा दिवे एकदम लागले.

दिवा विझायचा, लगेच लागायचा. छाया पडद्यावरची यादी पुन्हा पुन्हा मागवत होती. एखादं पोर क्षणभर उंबऱ्यात दिसायचं, पुढच्या वेळी नसायचं. सकाळी तासाभरात दार भरलं होतं. तो तास उलटला. ओट्यावरचे लोक टेम्पो भरायला निघून गेले. अण्णांनी तीनदा शेजारून फोन लावला, तिन्ही वेळा छायाने त्यांना झेंडूचा भाव सांगितला. तिसऱ्यांदा ते फोनवरच "बरं बरं" म्हणाले.

ऊन उतरल्यावर ते आत आले आणि खुर्ची ओढून बसले. "टेलिफोनवाल्याला आता काय सांगत नाय मी. असू दे लाइनी. दिवाळीनंतर टोमॅटोचा भावपण यातून सांगायचा म्हणतोय. जमेल?"

छायाने डबा उघडला. भाकरी गार, कडक झालेली. तिने मोठा घास मोडला, चावला, पाणी प्यायली. मग म्हणाली, "जमेल. पण मला हाताखाली एक माणूस लागेल. आणि मला 'घरचं बघा' पुन्हा म्हणायचं नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मोठं माणूस आहे, सुनेला आवरेल, असं त्यांना वाटलं असावं.

"माझ्याकडे काय बघता, अण्णा?" मी म्हटलं. "मी डबा द्यायला आले होते."