काकू मार्सेलिसला नाचून आल्या

मी चौथीपर्यंत शिकलेली. शुद्धलेखनाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर पोटात घाला. पण काकूंबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

“मागं चालायचं, पण मागं बघायचं नाही,” असं म्हणत काकू अमेरिकेतल्या एडिसनच्या ग्रोसरीत डाळींच्या रांगेतून कार्ट ओढत उलट्या चालायच्या. अंगावर साडी, पायात स्पोर्ट्स शूज. मुलं हसायची. “आजी, राँग वे.”

“टँगोत हाच राइट वे,” काकू म्हणायच्या.

मी आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी पोळ्या करायचे. काकू वरच्या मजल्यावर मुलाकडे राहायच्या. सीनियर सेंटरमध्ये मार्सेलिसच्या गोदीत वाढलेले एक आजोबा टँगो नाच शिकवायचे. मुलाला वाटे, आई योगाला जाते.

“हा नाच अर्जेंटिनाच्या बंदरातला,” मी पोळ्या लाटत असताना काकू सांगायच्या. “युरोपातलं घर सोडून आलेल्या गरिबांचा. खलाशांनी बोटीतून मार्सेलिसला नेला. अगं, माणसं परत गेली नाहीत, नाच गेला.”

मी शाळेत मार्सेलिस ऐकलं होतं ते बोटीतून समुद्रात मारलेल्या त्या उडीसाठी. तसं म्हटल्यावर काकू म्हणाल्या, “त्यांनी उडी मारली, मी गिरकी घेईन.”

कारण आजोबा त्या उन्हाळ्यात सगळ्यांना मार्सेलिसच्या धक्क्यावर नाचायला नेणार होते. काकू दिवाळीनंतर कायमच्या नागपूरला जाणार होत्या. आत्ता नाही तर कधीच नाही.

काकूंनी मुलाला खरं सांगून टाकलं. “आई, प्लीज, गुडघे बघ तुझे,” मुलगा म्हणाला.

“गुडघे माझे आहेत.”

“बरं बाई, तिकीट बुक करतो.”

“मुलाच्या पैशानं काशीला जावं. नाचायला नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे उसने पैसे मागितले. मी साठवलेले सगळे दिले. त्या रात्री मला झोप येईना, जणू मीच निघाले होते.

मार्सेलिसहून फोन आला. मागं बाज्याचा सूर, माणसांचा गलका. “अगं, एका मासेवाल्याबरोबर नाचले. अंगाला बांगड्यांचा वास, पण पाय काय सुरेल. लोक थांबून बघत होते गं.” मी पोळी तव्यावर विसरले.

परत आल्यावर काकूंनी चकल्या, शंकरपाळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या आणि माझे पैसे थोडे थोडे फेडत गेल्या.

नागपूरला निघायच्या दिवशी मुलगा डिकीत बॅगा ठेवत होता. “मावशी, आई खरंच नाचली का हो?” त्यानं हळूच विचारलं. मी मान डोलावली. तो बराच वेळ आईकडे बघत राहिला.

काकूंनी माझ्या हातात पाकीट ठेवलं. मी घेईना.

“घे. नाचले मी, पैसे तू का भरायचेस?”

गाडी वळून दिसेनाशी झाली. पाकीट उघडलं. सगळे फिटले होते.